खिशातला चाकू: ओपिनेल आठ नंबर की व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर? (गोव्याच्या पावसात, रोजच्या वापराला)

व्हाळाकाठचा, डिचोली
मंडळी, सरळ प्रश्न आहे. मावसभाऊ बोटीवर असतो, सध्या जहाज युरोपात आहे, पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय आणि काय आणू म्हणून विचारतोय. मला रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू हवाय, बरीच शोधाशोध करून दोनावर येऊन अडकलोय.

एक फ्रान्सचा ओपिनेल आठ नंबर. लाकडी मूठ, साडेआठ सेंटिमीटर पातं, मानेजवळ लोखंडी रिंग, ती फिरवली की पातं लॉक होतं. दुसरा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर, ॲल्युमिनियमची मूठ, एक पातं, एक टोच्या, डबा उघडायचं आणि बाटली उघडायचं, बस्स. ह्याला लॉक नाही.

काम म्हणाल तर पणजीत ऑफिस, रोज स्कूटरवर ये-जा, पार्सलं फोडणं, वायर सोलणं, दुपारी आंबा नाहीतर पेरू कापणं. रविवारी मामाच्या कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) दोऱ्या, ठिबकचे पाईप, केळीचे घड. आणि चवथ (गणेश चतुर्थी) आली की माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची ती चौकट, आमच्या घरात ती मीच बांधतो. घरातली सुरी घेऊन शिडीवर चढलेलं आईला अजिबात चालत नाही.

मन ओपिनेलकडे ओढतंय, फोटो बघितला तरी हातात घ्यावासा वाटतो. पण आपला पाऊस? वापरलेल्यांनी सांगा प्लीज, यूट्यूब बघून झालंय.

काजूबोंडू
एकात बाटली उघडायचं आहे, दुसऱ्यात नाही. गोव्यात राहतोस ना? धागा संपला, चला घरी.

लोखंडी_माणूस, वेर्णे
संपला कुठे, आता तर सुरू झालाय :)

आधी भावाला हे नीट सांग की ओपिनेल दोन स्टीलमध्ये मिळतो आणि दिसायला दोन्ही सारखेच. एक कार्बन, त्यात साधारण ०.९ टक्के कार्बन आणि क्रोमियम नसल्यात जमा. दुसरं इनॉक्स, ते स्वीडनचं सँडविक १२सी२७, त्यात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. स्टेनलेस म्हणायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, ते हवेशी मिळून पृष्ठभागावर एक पातळ थर धरतं आणि तोच थर गंज अडवतो. पात्यावर कोरलेलं असतं, बघून घ्यायचं.

कार्बनवाल्याला धार झटकन लागते आणि ती धार कागदावर चालवताना जी मजा येते ती मला दुसऱ्या कशात येत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय. पण आंबा, भिरंड (कोकम), लिंबू लागलं की पातं निळं-करडं पडतं. त्याला घाबरू नका. काळा थर धरू द्या, उलट तो खालच्या लोखंडाला थोडंफार सांभाळतो. लाल डाग दिसला तर मात्र तो गंज, तो त्याच दिवशी घासून काढायचा.

बाकी ओपिनेल म्हणजे साधी गोष्ट. १८९० साली सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेलने सुरू केलं, डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी. ती फिरणारी रिंग नंतरची, १९५५ ची. सगळा चाकू पाच भागांचा: पातं, मूठ, खीळ आणि दोन रिंगा. बिघडायला काही ठेवलेलंच नाही. चांगलं यंत्र असंच असतं.

दर्यावर्दी
वास्कोहून लिहितोय. लोखंडीदादा, स्टीलचं सगळं मान्य, पण तुम्ही मुठीबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. लफडं पात्यात नाही, लाकडात आहे.

बीचचं लाकूड पाणी पितं आणि आडवं फुगतं. मुठीत जी फट असते ज्यात पातं मिटतं, ती आवळते. मग नखाने ओढून पातं निघत नाही. ह्यात कंपनीचा दोष काढायचा नाही, लाकूड आहे ते लाकडासारखंच वागणार, आणि तो चाकू आल्प्सच्या कोरड्या हवेत जन्मलाय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होते, तिथे उघडी लाकडी फट काय करेल सांगा.

लोखंडी_माणूस, वेर्णे
बरोबर आहे. पण त्यावर सावोयच्या लोकांचीच युक्ती आहे. रिंग मोकळ्या बाजूला फिरवायची, चाकू मिटलेलाच धरायचा आणि मुठीचा मागचा टोकदार भाग टेबलावर ठक करून आपटायचा. पातं दोन-चार मिलिमीटर वर उसळतं, मग चिमटीत धरून उघडायचं. शंभर वर्षं तेच करताहेत.

काजूबोंडू
पणजीच्या ऑफिसात साहेबासमोर टेबलावर चाकू आपटून पेरू खाणारा माणूस. मला ह्याची बढती झालेली बघायचीय.

समिधा_फोंडा
😂😂

मी पण सांगते, बायकांना चाकूतलं काही कळत नाही असं समजणारे इथे नसतील अशी आशा. माझ्या पर्समध्ये व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन असतो, लाल प्लास्टिकचा, ९१ मिलिमीटरवाला. पायोनियर ९३ चा. लांबीत फरक नाहीच, पण माझ्यात मुठीच्या आत चिमटा आणि दातकोरणं असतं, पायोनियरमध्ये ते बसत नाही कारण ॲल्युमिनियमची पट्टी पातळ असते. आणि तो चिमटा मी पात्यापेक्षा जास्त वापरते!! मुलाच्या तळव्यात लाजाळूचा काटा गेला, रात्री, लाईट नाही, टॉर्चच्या उजेडात त्याच चिमट्याने काढला. कुळागरात फिरणाऱ्या माणसाने चिमट्याचा विचार करावा, व्हाळाकाठचे भाऊ.

हां, पण प्लास्टिकवर ओरखडे पडतात लवकर, आणि ॲल्युमिनियमची ती चौकटी-चौकटीची मूठ ओल्या हाताला चांगली धरते हे खरं.

कुळागरकर, सावईवेरे
नमस्कार. सगळं वाचलं. एवढं परदेशी प्रकरण कशाला? आमच्याकडे कमरेला आकडी, आकडीत कोयती, झालं. पोफळ, केळ, नारळ, साप दिसला तर काठी, सगळं एका कोयतीवर. आमच्या वडलांनी जन्मभर दुसरं काही घेतलं नाही.

म्हापसेकर
काका, ऑफिसला कमरेला कोयती लावून गेला तर पणजीच्या पुलावरच पोलीस थांबवतील त्याला :D

कुळागरकर, सावईवेरे
म्हापसेकर, थट्टा बरी आहे. पण एक गोष्ट मीही मानतो. घडीचा चाकू आमच्याकडे नवा नाही. कलमं बांधणारे सगळे घडीचाच वापरतात.

आंब्याचं कोय कलम करताना खालच्या रोपाच्या शेंड्याला मधोमध उभी चीर द्यायची, दीड-दोन इंच, आणि वरच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. ती पाचर एका ओढीत झाली पाहिजे. दुसऱ्यांदा हात फिरला की पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते, कलम धरत नाही. म्हणून त्या चाकूला धार एकाच बाजूने लावलेली असते, दुसरी बाजू सपाट, त्यामुळे काप आरशासारखा सरळ येतो. जुन्या गोव्यात एलाला किनारी शेतीचं केंद्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे काजूची कलमं बांधायला शिकवतात तेव्हा पहिल्यांदा चाकूच हातात देतात.

तर व्हाळाकाठच्या बाळा, मामाच्या बागेत कलमं करणार असशील तर ह्या दोन्हींतला एकही कामाचा नाही. दोन्हींच्या पात्याला धार दोन्ही बाजूंनी तासून लावलेली. कलमाचा वेगळा घे, स्वस्त मिळतो, आणि त्याने दुसरं काही म्हणजे काही कापायचं नाही.

व्हाळाकाठचा, डिचोली
काका, कलमं मामाच करतो, मला अजून हात लावू देत नाही. पण हे एका ओढीचं मला माहीतच नव्हतं, देव बरें करूं.

समिधाताई, चिमट्याचा मुद्दा डोक्यात बसलाय.

सत्तरीवासी
माटोळीचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो, कारण माझ्या मते निवाडा तिथेच होणार आहे.

माटोळीला प्लास्टिकची सुतळी लावणारे लावोत, आमच्या गावात अजून केवणीचा दोर चालतो. केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झाड. फांदी कापायची, टोकाला पात्याने सालीत आडवी खूण करायची, नख घालून साल उचलायची आणि खाली ओढत न्यायची, लांबच लांब पट्टी निघते. ओली असतानाच वापरली तर ती वळते, गाठ बसते आणि वाळल्यावर आणखी घट्ट आवळते. ह्या कामात पातं चिकानं माखतं, हात चिकट, वर पाऊस. शिवाय घागऱ्या, करमळं अशी रानातली शेंगा-फळं, सुपारीचे घोस, नारळाचा घड, तवशी (मोठी काकडी), एकेकाचं देठ कापायचं आणि गाठ मारायची, डोकं वर करून, हात दुखेपर्यंत.

तिथे मला लॉक हवा वाटतो. शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर काम करताना पात्याच्या पाठीवर चुकून दाब आला तर बिनलॉकचा चाकू बोटावर मिटतो. ओपिनेलची रिंग फिरवली की ती भीती नाही. म्हणून माझं मत ओपिनेल, पण इनॉक्स, कार्बन नको.

एक आगाऊ विनंती: माटोळीचं सामान अभयारण्याच्या हद्दीतून ओरबाडून आणू नका. कला व संस्कृती खात्याची स्पर्धा आल्यापासून वस्तूंची संख्या वाढवायची चढाओढ लागलीय, चार फळं पुरतात तिथे टोपलीभर तोडतात. घागऱ्या, करमळं परसात लावा ना. येतात चांगली.

समिधा_फोंडा
सत्तरीवासींच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर लाईक्स. आमच्या वाड्यावर करमळ होतं, रस्ता रुंद करताना गेलं. आता बाजारातून आणावं लागतं.

पेडणेकर_पावणा
तवशी म्हटल्यावर आठवलं, ह्या वर्षी डोंगरावरची तवशी कधी येणार? म्हापशाला दिसली का कोणाला?

म्हापसेकर
अजून नाही. गेल्या शुक्रवारी फक्त लहान होती, ती पण बेळगावची वाटली. थोडं थांब.

बरं चाकूबद्दल माझं. भाऊ बाहेरून आणतोय ते उत्तम, कारण इथे ऑनलाईन घेताना नकली फार येतात. माझ्या मित्राला एका साईटवरून आलेला "स्विस" चाकू उघडला तर पातं बाजूला हलतंय आणि मिटताना आवाज नाही. खऱ्या व्हिक्टोरिनॉक्सला पात्याच्या बुंध्यावर नाव आणि स्विस मेड कोरलेलं असतं, एकदम बारीक आणि स्वच्छ. उघडताना शेवटी टक्क, मिटताना टक्क, मध्ये कुठेही खरखर नाही. भांड्यांच्या दुकानात मिळणारी त्याच कंपनीची सोलायची प्लास्टिक मुठीची सुरी चांगली असते, पण ती घडीची नाही.

ॲडव्होकेट_मडगाव
कायद्याचं कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो. आर्म्स रूल्समध्ये चाकूच्या बाबतीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. तुमचे दोन्ही चाकू साडेतीन इंचांच्या आतले, म्हणजे त्या व्याख्येच्या जवळपासही नाहीत. पण कायदा एक आणि गेटवरचा शिपाई एक. विधानसभा, कोर्ट, इफ्फीचं गेट, मोठे मॉल, जिथे बॅग तपासतात तिथे तो घरी ठेवून जा, हुज्जत घालू नका. बटण दाबून फटकन उघडणारा, रामपुरी छापाचा, तो मात्र नकोच. तो बघितल्यावर समोरचा माणूस तुम्ही आंबा कापणार आहात असं समजत नाही.

आणि भावाला बजावून सांगा, चाकू चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत ठेवला तर विमानात बसायच्या आधीच तिकडचे सिक्युरिटीवाले काढून घेणार.

काजूबोंडू
वकीलसाहेब फी?

ॲडव्होकेट_मडगाव
हुर्राकच्या सीझनला वसूल करीन.

दर्यावर्दी
लॉकच्या मुद्द्यावर मला सत्तरीवासीदादांशी थोडं भांडायचंय, प्रेमाने.

लॉक असला की माणूस बेफिकीर होतो, पातं खुपसायला लागतो. बिनलॉकच्या चाकूने खुपसायचंच नसतं, ओढून कापायचं असतं. भोक पाडायला पायोनियरमध्ये वेगळा टोच्या दिलाय तो त्यासाठीच, आणि तो जबरदस्त आहे, चामडं, फळी, प्लास्टिकचा ड्रम, सगळ्यात जातो. माटोळीत देठ कापायला खुपसायला कुठे लागतं?

आणि मीठ. आम्ही गळ टाकायला खडकावर बसतो, मासेमारीच्या बंदीत तर हौशी लोक जास्तच. खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेससुद्धा सुटत नाही, क्रोमियमचा तो थर मिठातलं क्लोराईड टोचून टोचून फोडतं आणि बारीक काळे ठिपके पडतात. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील थोडं मऊ ठेवलेलं असतं, साधारण ५६ रॉकवेल (कडकपणाचं माप), धार लवकर जाते पण गंजाला बरं तोंड देतं. घरी आल्यावर गोड्या पाण्यात उघडं धरून धुवायचं आणि पुसायचं, एवढं केलं की टिकतं. चोणक मासा साफ करायला मात्र घडीचा चाकू वापरूच नये, खवले सांध्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी खिसा वास मारतो. त्याला सरळ पात्याची सुरी.

सत्तरीवासी
भांडण मान्य :) पण तू समुद्रावर आहेस, मी डोंगरात. माझ्याकडे मीठ नाही, पाणी आहे, वाळपईला पाऊस कसा पडतो बघायला ये एकदा.

लोखंडी_माणूस, वेर्णे
मुठीच्या फुगण्यावर एक उपाय लिहायचा राहिला, जो कोणी ओपिनेल घेईल त्याच्यासाठी. पावसाच्या आधी, मे महिन्यात, मूठ जवसाच्या तेलात भिजवायची, बाहेर काढून नीट पुसायची आणि आठवडाभर सावलीत वाळवायची. जवसाचं तेल हवेने वाळून घट्ट होतं, त्यामुळे पाणी शिरायला जागा कमी राहते. पण खिळीपाशी आणि फटीत तेल साचू द्यायचं नाही, तिथे ते डिंकासारखं होतं आणि पातं आणखी जड चालतं. तिथे व्हॅसलीन चोळायचं. असं केलं की फुगणं पूर्ण थांबत नाही, पण आपटाआपटी बरीच कमी होते.

पात्याला खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत. दोन दिवसांना ठीक, पण जास्त दिवस राहिलं तर खवट होऊ शकतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते घ्या, पोटात जायलाही चालतं, खवट होत नाही, एक थेंब सांध्यात, एक पात्यावर. बाटली वर्षानुवर्षं पुरते.

आणि हात जोडून सांगतो, सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे हे चाकू देऊ नका. माणसं कष्टाळू आहेत, घरच्या विळीला ठीक आहे. पण कोरड्या सुक्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पात्याची बारीक कड क्षणात तापते, निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. मग कितीही धार लावा, दोन पेरूंत बोथट.

फणसप्रेमी
फणसाचं कोणी नाही बोललं?? कापा फणस फोडायला खिशातला चाकू कोण काढतं हे मला माहीत नाही पण काढलाच तर आधी पात्याला दोन्ही बाजूंनी तेल. चीक सांध्यात गेला की संपलं. गेला असेल तर पाण्याने जाणार नाही, रॉकेल किंवा खाण्याचं तेल लावून कापसाने काढायचा, मग साबण, मग गरम पाणी. पायोनियरचे सांधे उघडे असतात, आरपार दिसतं, बादलीत गरम पाणी घेऊन आत बुडवून चार-पाच वेळा उघडमिट केली की सगळा गाळ बाहेर येतो. लाकडी मुठीला हे करता येत नाही. माझ्यासाठी मुद्दा तिथेच मिटला.

पेडणेकर_पावणा
डावखुऱ्यांचं पण बघा की. पायोनियरच्या पात्याची नखाची खाच एकाच बाजूला असते, उजव्या हाताच्या लोकांच्या सोयीची. मी डावखुरा, मला दर वेळी चाकू फिरवून धरावा लागतो. ओपिनेलची रिंग पण मला उलटी वाटते पण पातं चिमटीत धरून उघडता येतं. आमची जमात कोणी विचारातच घेत नाही.

समिधा_फोंडा
माझी मुलगी डावखुरी आहे, कात्रीचं पण हेच. मनापासून सहमत.

कुळागरकर, सावईवेरे
बाळा, एवढे लोक एवढं सांगताहेत, तू तुझ्या कामाची विभागणी कर. खिशात राहणारा चाकू वेगळा आणि कामाला काढून नेणारा वेगळा. पावसात भिजणार तो खिशातला. शिडीवरचा तू घरून घेऊन जातोस, काम झालं की पुसून ठेवतोस. दोन्हींची गरज एक नाही.

लोखंडी_माणूस, वेर्णे
काकांनी नेमकं बोट ठेवलं. मी ओपिनेलचा भक्त आहे तरी सांगतो, स्कूटरवर रेनकोटच्या आत घामाने भिजणाऱ्या खिशात तो ठेवू नकोस. लाकडाचे हाल नकोत.

व्हाळाकाठचा, डिचोली
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. काल घरात जे जे कापलं त्याची नोंद ठेवून बघितली तर दोरी, खोका, केबलचा टाय, आंबा, दुधाची पिशवी, पंख्याचा एक सैल स्क्रू पिळला. एकदाही खुपसावं लागलं नाही, आणि स्क्रू पायोनियरच्या बाटली उघडायच्या टोकाने पिळता आला असता.

भावाला पायोनियर सांगितलाय. चेक-इन बॅगेत टाकायलाही सांगितलं, वकीलकाका निश्चिंत असा. चिमट्यासाठी समिधाताईंचा सल्ला मानून औषधाच्या डब्यात वेगळा चिमटा ठेवतो. माटोळीला लॉकवाला हवा हे सत्तरीवासीदादांचं मला पटलंय, शिडीवर माझा हात आधीच थरथरतो, म्हणून इनॉक्स ओपिनेल घरच्यासाठी पुढच्या खेपेला.

काजूबोंडू
म्हणजे शेवटी दोन्ही. आणि बाटली उघडायचं पण आलं. मी पहिल्याच प्रतिसादात काय सांगितलं होतं?

सत्तरीवासी
चवथीच्या आधीच्या रविवारी येतोस का आमच्याकडे? केवण कशी सोलायची ते दाखवतो, आमच्याच परसात आहे. चाकू आला असला तर घेऊन ये, नसला तर माझा आहे.

व्हाळाकाठचा, डिचोली
नक्की येतो दादा. मेसेज करतो. लोखंडीदादा, एक शेवटचं, घरी धार लावायला दगड कुठला घेऊ?

लोखंडी_माणूस, वेर्णे
हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. नवीन चाकूला खरखरीत बाजू लागणार नाही, ती धारेला खाच पडली तरच. बारीक बाजूवर पाणी टाकून, पातं दगडाशी वीस अंशांच्या आसपास तिरकं धरायचं. मोजायला सोपं: पातं दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून पाच मिलिमीटर वर. बुंध्यापासून टोकापर्यंत एका सलग ओढीत, जितक्या ह्या बाजूने तितक्याच त्या बाजूने, दाब हलका. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-बारा हात. दगड नसेल त्या दिवशी चिनी मातीच्या कपाच्या तळाची ती खरखरीत गोल कड असते ना, तिच्यावर चार हात मार, आठवडा निघतो.